नेरुक्तेवर कोणी राहत नाही

ओग्दो स्तेपानोव्हना योल्दोगिर हिच्या तोंडी लागू नये, हे नेरुक्ता नदीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नकाशेवाल्यांना. पण त्यांचं काय घेऊन बसलात, त्यांना बिचाऱ्यांना नदी कुठून कुठे जाते हेही ठाऊक नसतं. म्हणून तर ते येतात.

बासष्ट वर्षांची बाई. अंगानं काटकुळी, पाय वाकडे, कारण चालायला शिकायच्या आधीच ती रेनडिअरच्या पाठीवर बसायला शिकली होती. डोक्याला रुमाल, दातांत पाइप, हातात काठी. तिचे बावीस रेनडिअर ओझी घेऊन, एकामागे एक दोरीनं जोडलेले चालायचे आणि सगळ्यांच्या पुढे ही. माणसांपेक्षा जनावरांशी ती गोड बोलायची. कोणी तसं तोंडावर म्हणालंच तर उत्तर तयार असायचं, "जनावर घडीघडी विचारत नाही, 'अजून किती लांब' म्हणून."

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात नकाशेवाल्यांची एक तुकडी आली आणि सामान वाहायला ओग्दोचे रेनडिअर घेतले. दुसऱ्या कोणाचे मिळतच नव्हते, सगळे आपापले कळप घेऊन वर थंडाव्याला गेले होते. तुकडी कसली, माणसं दोन. प्रमुख होता ल्योव कुझ्मिच तारानेंको, चाळिशीचा, चष्मा लावणारा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा न उघडणारा. दुसरा फादेय. तो पूर्वी खलाशी होता, आता मापाची उंच पट्टी धरून दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचा आणि शिव्या अजून खलाशाच्याच द्यायचा.

नदीचे फोटो आधीच विमानातून काढून झाले होते. आता एकेक फोटो हातात घ्यायचा, त्या जागी जायचं आणि बघायचं की पाट किती रुंद, पाणी किती खोल, ओढ किती, तळाला वाळू की गोटे, चालत ओलांडायचा उतार कुठे. जागेची खात्री पटली की ल्योव कुझ्मिच फोटोला बारीक सुईनं भोक पाडायचा, फोटो उलटा करायचा आणि त्या भोकाशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून ठेवायचा. भोक पडलं की विषय संपला. मग खुद्द नदी येऊन सांगू लागली तरी तो ऐकायचा नाही.

ओग्दोला अक्षर येत नव्हतं. फोटो मात्र तिनं पहिल्याच दिवशी वाचला. ल्योव कुझ्मिच भिंग लावून घाम पुसत बसला होता, तेव्हा ही मागे येऊन उभी राहिली.

"उलटा धरलायस," ती म्हणाली.

"नाही हो, ओग्दो स्तेपानोव्हना. उत्तर इकडे आहे."

"उत्तर असेल. पण नदी समोरून आपल्याकडे वाहत्येय ना? मग आपण उगमाकडे तोंड करून बसलोय. फोटो मात्र खालच्या अंगाला तोंड करून धरलायस. फिरव."

त्यानं फिरवला. सगळं जुळलं. तेव्हापासून तो तिला अदबीनं वागवायचा, आणि ती त्याला अरेतुरे करायची. ती सगळ्यांनाच करायची म्हणा. तरी एका गोष्टीवरून रोज खटका उडायचाच. त्यानं विचारावं, पुढचा उतार किती लांब? तिनं म्हणावं, सामानानिशी एक मुक्काम. त्यानं म्हणावं, किलोमीटरमध्ये सांगा. "किलोमीटरला पाय असतात का?" ती विचारायची. "रेनडिअरला असतात. त्यांना विचार." फादेय पाण्यात उभा राहून खिदळायचा.

असं दीड महिना बरं चाललं होतं. खरं भांडण झालं ते ऑगस्टात.

सकाळची वेळ होती. डासांनी नुसता उच्छाद मांडला होता. ओग्दोनं ओलं शेवाळ घालून धूर केला होता आणि सगळे रेनडिअर त्या धुरात डोकी खुपसून डोळे मिटून उभे होते. ल्योव कुझ्मिचनं एका पेटीवर फोटो मांडले होते. ज्या जागी जायचं नव्हतं, तिथले फोटो तो बाजूला काढत होता. ओग्दो चहाचा मग घेऊन त्याच्याशेजारी बसली आणि त्या बाजूच्या गठ्ठ्यातला वरचाच फोटो तिनं उचलला.

"हे काळ्या ओढ्याचं मुख," ती म्हणाली. "याला भोक पडलेलं दिसतंय. आपण तर अजून तिथं गेलोच नाही."

"जायचं नाहीच तिथं. वाटेबाहेर आहे, जायला दोन दिवस, यायला दोन. शिवाय तिथं काही नाही."

"मागे काय लिहिलंयस?"

त्यानं फोटो उलटा केला. "झोपडीचा सांगाडा. पडका. निर्जन."

"कोणी सांगितलं तुला, निर्जन म्हणून?"

हा माणूस काही मनाचं लिहिणारा नव्हता. त्यानं पिशवीतून वही काढली, बोट फिरवलं आणि वाचून दाखवलं. गेल्या साली खालच्या वस्तीतल्या दुकानात त्यांच्या एका माणसानं चौकशी केली होती. प्रश्न, काळ्या ओढ्याच्या मुखाशी कोण राहतं? उत्तर, कोणी नाही. सांगणार, योल्दोगिर, ओग्दो स्तेपानोव्हना.

"अगं बाई!" फादेय ओरडला. "म्हणजे तूच की गं, मावशे! आणि वर आम्हालाच विचारतेस?"

ओग्दोनं चहाचा मग गवतात टेकवला. 

ते घर तिचं होतं. पंचेचाळीस वर्षं तिनं तिथं हिवाळे काढले होते. तिथंच तिचा मुलगा साव्वा जन्मला, तिथंच तिच्या दोन मुली जन्मल्या आणि गेल्या. आणि छप्पन सालच्या जानेवारीत तिथंच साव्वाचा बाप गेला. आमच्यात माणूस गेला की तीन हिवाळे तो वाटेवर असतो. पलीकडचं गाव लांब आहे. वाटेत मागून आपल्या माणसाची हाक कानावर आली, तर तो वळतो. आणि वळलेला माणूस पुन्हा एकटा जात नाही. घरातलं कोणीतरी सोबतीला नेतो, बहुतेक लहान बघूनच. म्हणून तीन हिवाळे त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या घरात विस्तव करायचा नाही, आणि कोणी विचारलंच, तर तिथं कोणी राहत नाही म्हणायचं. मीही अजून त्याचं नाव घेतलं नाही, बघा. झोपडीचे खांब तसेच उभे ठेवायचे, चार खांबांवरच्या कोठारात सामान तसंच ठेवायचं, म्हणजे आपल्या माणसांना कळतं की मालक येणार आहे. तिसरा हिवाळा सरला की पुन्हा विस्तव पेटवायचा. दोन हिवाळे सरले होते. एक राहिला होता.

तर दुकानात त्या वहीवाल्या माणसानं विचारलं तेव्हा ओग्दोनं जे म्हणायचं असतं तेच म्हटलं. आमच्यातल्या कोणीही तेच म्हटलं असतं. वहीत लिहून ठेवण्यासारखं त्यात काही असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"बरं, असेना का लिहिलेलं," शेवटी ती म्हणाली. "कागदच तो. कोणाचं काय जातं?"

फादेयनं पट्टी खाली ठेवली. तो चेष्टा करायचा, पण मनानं वाईट नव्हता. "मावशे, तुझंच जातं," तो म्हणाला. "वसंतात दुकानासमोर सभा झाली, तेव्हा नव्हतीस का तू? तो टोपीवाला साहेब काय म्हणाला? धबधब्याच्या वर एकही नांदतं घर नसेल, तर होडी वर पाठवायची नाही. मीठ नाही, पीठ नाही, काडतुसं नाहीत. जे कोणी भटकत असतील त्यांना खालच्या मोठ्या गावात आणून चाळीत बसवायचं. आणि घर आहे का नाही, ते हा नवा नकाशा सांगणार."

ओग्दो सभेत होती. पण साहेब बोलत असताना ती पाइप साफ करत होती. मोठ्या गावातली ती चाळ मात्र तिनं पाहिली होती. तिची बहीण होती तिथं. रेनडिअर सरकारी कळपात गेलेले, आणि म्हातारी खिडकीशी बसून दुसऱ्यांची धुणी मोजते. साव्वा तिथं गेला तर वर्षभरात दारूला लागेल, हे ओग्दोला स्वच्छ दिसत होतं. पोरगा चांगला, पण हाताला काम नसलं की त्याचं डोकं फिरतं. सून उस्तिन्या आणि आठ महिन्यांची नात. तिघांचं सगळं त्या एका भोकात चाललं होतं, आणि ते भोक पाडलं होतं तिच्याच जिभेनं.

"खोड ते," ती ल्योव कुझ्मिचला म्हणाली.

"नाही खोडता येणार."

"का? शाई माझ्याकडून घे."

"ओग्दो स्तेपानोव्हना, काल तुम्ही म्हणालात कोणी नाही, आज म्हणता घर आहे. उद्या काय म्हणाल? मी बोलण्यावर लिहीत नाही."

"बोलण्यावरच तर लिहिलंयस, मेल्या!"

हे त्याला लागलं. पण तो बधला नाही. चष्मा काढून तो पुसत बसला आणि मग त्यानं एक गोष्ट सांगितली. पाच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका नदीवर, एका वाटाड्याच्या शब्दावर त्यानं एका खोपटाशेजारी 'नांदतं' असं लिहिलं होतं. दोन वर्षांनी हिवाळ्यात वाट चुकलेला एक भूगर्भवाला तो नकाशा घेऊन तिथं गेला. जवळ दुसरं एक खोपटं होतं, तिथं सरपण होतं, पण नकाशावर 'नांदतं' हे होतं म्हणून तो इकडे आला. छप्पर पडलेलं, चूल फुटलेली. वाचला तो, पण दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. "तो मला भेटायला आला होता," ल्योव कुझ्मिच म्हणाला. "शिवी दिली नाही त्यानं. नुसतं अक्षरावर बोट ठेवलं, आणि विचारलं, हे तुमचं का? त्या दिवसापासून जिथं विस्तव डोळ्यांनी बघत नाही, तिथं मी नांदतं लिहीत नाही. तुम्ही कितीही बोला."

माणूस खरा होता. खोट्या माणसाशी भांडायला काही वाटत नाही, खऱ्याशी भांडायचं म्हणजे छाती लागते. ओग्दोनं चहाचा गाळ फेकला, उठली, रेनडिअरवर सामान बांधलं आणि नेहमीसारखी पुढे चालू लागली.

दुपार कलायला आली, तेव्हा ल्योव कुझ्मिच एकदम थांबला. त्यानं होकायंत्र काढलं, पुन्हा खिशात घातलं, पुन्हा काढलं.

"नदी उजव्या हाताला हवी," तो म्हणाला. "नदीच दिसत नाही! फादेय, आपण कुठं चाललोय?"

"मला सकाळीच कळलं होतं," फादेय म्हणाला. "मला वाटलं, तुम्हालाही कळलं असेल. नकाशे तुम्ही काढता."

"ओग्दो स्तेपानोव्हना! थांबा! कुठं नेताय आम्हाला?"

"तुला विस्तव बघायचाय ना डोळ्यांनी? चल."

"माझे अजून तीन कागद पुरे व्हायचेत! बर्फ पडायच्या आत पुरे नाही झाले तर..."

"मग पाय उचल."

"मी हुकूम देतो, मागे फिरा!"

"दे की. मला दे, रेनडिअरना दे. बघू कोण ऐकतंय." तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "आणि तुला फिरायचंच असेल तर फीर बाबा. तो बघ तुझा तंबू चौथ्या रेनडिअरवर, पिठाची पोती नवव्यावर, आणि ते तुझं तीन पायांचं दुर्बिणीचं धूड सगळ्यात मागच्यावर. उतरव आणि घे खांद्यावर."

ल्योव कुझ्मिच आयुष्यात पहिल्यांदाच एक अशी शिवी हासडून मोकळा झाला की फादेयनं कौतुकानं टोपी काढली. पण चालला तो. न चालून सांगतो कोणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काळ्या ओढ्याच्या मुखाशी पोचले. सूर्य अजून बराच वर होता. नदी तिथं वळण घेते आणि आतल्या बाजूला उंचवट्यावर लार्चची झाडं आहेत. झाडांत झोपडीचे बावीस खांब वर एकत्र येऊन उभे होते. कोठारही जागेवर होतं. चुलीच्या दगडांवर शेवाळ चढलं होतं.

ओग्दो उंचवट्याच्या खालीच थांबली. भीती वाटत होती तिला, आणि ती का वाटू नये? मोठ्या गावातल्या साहेबाची नाही, ल्योव कुझ्मिचची तर नाहीच. ती जे करायला निघाली होती, ते तिच्या आईनं केलं नव्हतं, आजीनं केलं नव्हतं. एक हिवाळा अजून बाकी होता. समजा तो वळला. समजा त्यानं नातीला नेलं. मग होडी येऊन करायचं काय, आणि पिठाची भाकरी खायची कोणी?

पंधरा मिनिटं ती तशीच उभी होती, असं फादेय नंतर सांगायचा. मग तिनं काठी जमिनीत रोवली आणि वर चढली.

कोठारातून तिनं भूर्जाच्या सालीच्या गुंडाळ्या काढल्या. अर्ध्या कुरतडलेल्या निघाल्या. राहिलेल्या खांबांवर चढवल्या, तरी एक बाजू उघडीच. तेव्हा तिनं चौथ्या रेनडिअरवरून ल्योव कुझ्मिचच्या तंबूचं कापड ओढलं आणि उघड्या बाजूला बांधलं.

"अहो, तो आमचा तंबू आहे!" ल्योव कुझ्मिच म्हणाला. "आम्ही झोपायचं कुठं?"

"घरात," ओग्दो म्हणाली. "पाहुणे आहात."

मग ती चुलीशी बसली. शेवाळ खरवडलं. साल ठेवली, काटक्या ठेवल्या. काडी ओढली, ती विझली. दुसरी विझली. फादेय लायटर घेऊन पुढे झाला, तर तिनं त्याचा हात झटकला. तिसरी लागली. धूर आधी आतच कोंडला, सगळे खोकले, मग वाट सापडून तो वरून बाहेर पडला आणि लार्चच्या शेंड्यांवरून सरळ वर गेला. वारा अजिबात नव्हता.

तो धूर साव्वानं पाहिला. त्याचा कळप पलीकडच्या डोंगरावर होता, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धापा टाकत आला, मागे उस्तिन्या, तिच्या पाठीला पाळणा बांधलेला.

"आई!" तो खालूनच ओरडला. वर यायला तयार नव्हता. "आई, काय केलंस हे? वेड लागलं का तुला? एक हिवाळा राहिला होता!"

"वर ये आणि बोल."

"येणार नाही! विझव तो आधी! बाबांना..." त्यानं जीभ चावली. "त्यांना कळलं म्हणजे? माझी पोर आहे आई, तुला ठाऊक आहे ना, माझी पोर आहे!"

"माझी नात आहे," ओग्दो म्हणाली. "ऐक, साव्वा. मी विझवते. आत्ता विझवते. मग हा चष्मेवाला लिहील कोणी नाही, आणि पुढच्या वर्षी होडी येणार नाही, आणि तुझी पोर मोठ्या गावातल्या चाळीत रांगायला लागेल. सरकार आपल्याला तीन हिवाळे देत नाही रे. दिले असते तर मी बसले नसते का थांबून? बोल. विझवू?"

साव्वा खालीच पाय रोवून उभा राहिला. बोलली ती उस्तिन्या. ही सून म्हणजे दिवसाकाठी चार शब्द बोलणारी, पण त्या दिवशी ती नवऱ्याला ओलांडून वर चढली, पाळणा सासूच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, चहा आहे का?" मग साव्वालाही यावंच लागलं.

ल्योव कुझ्मिच हे सगळं ओंडक्यावर बसून बघत होता. सगळं त्याला कळलं नसेल, पण काय पणाला लागलंय एवढं कळलं असावं, कारण तो उठला तेव्हा त्यानं चालताना सुटलेलं वरचं बटण नीट लावून घेतलं होतं. त्यानं वही उघडली.

"ओग्दो स्तेपानोव्हना, मला नियमानं विचारायला हवं. भर हिवाळ्यात, थंडी उणे पन्नास असताना, कोणी वाट चुकलेला माणूस या जागी आला, तर त्याला इथं विस्तव मिळेल का?"

"मिळेल."

"कोणाचा?"

"माझा. मी आता इथून हलत नाही. तुझं सामान साव्वा पोचवेल, रेनडिअर माझेच असतील. तो तुला तिन्ही कागद लवकर करून देईल, तो माझ्याइतकं बोलत नाही." साव्वानं तोंड उघडलं, पण ती थांबलीच नाही. "बर्फ पडलं की हे सगळे खाली इथं येतील. आणि समजा नाही आले, भ्याले, तर मी एकटी राहीन. एकटं माणूस नांदत नाही असं आहे का तुझ्या नियमात?"

"नाही," ल्योव कुझ्मिच म्हणाला. "एक माणूस पुरतं."

त्यानं भिंग लावून जुन्या भोकाशेजारची ओळ खोडली. एक रेघ, सरळ, मग तारीख, मग सही. मग वर नवी ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली, "झोपडी एक. कोठार एक. नांदतं." ओग्दोनं शेवटचा शब्द पुन्हा वाचायला लावला. त्यानं वाचला.

"आता नाव," तो म्हणाला.

"कसलं नाव?"

"एकटं घर असेल तर नकाशावर घरमालकाचं नाव घालतात. अमक्याची वस्ती. काय लिहू? ओग्दोची?"

साव्वा मान हलवत होता. आईचं नाव लिही, असं खुणेनं सांगत होता. आणि तसं केलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. काम झालं होतं, होडी येणार होती, आणखी वाकड्यात शिरायचं कारण नव्हतं. ल्योव कुझ्मिचनं 'ओ' लिहायला लेखणी टेकवलीही होती.

"थांब," ओग्दो म्हणाली.

ती उठली. पाळणा उस्तिन्याच्या हातात दिला आणि झोपडीबाहेर जाऊन नदीकडे तोंड करून उभी राहिली. आपण नको तितकं करायला निघालोय हे तिला कळत होतं. पण घर त्यानं बांधलं होतं. बावीसच्या बावीस खांब त्यानं तोडून आणले होते. अडीच वर्षं तिनं कोणी नाही, कोणी नाही म्हणून त्या माणसाला आपल्याच तोंडानं पुसून टाकलं होतं, आणि रोज जीभ जळत होती. चहा ओतताना दुसरा मग घ्यायला हात जायचा आणि ती तो मागे घ्यायची. तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कोणाला, आणि कोणत्या नावानं?

"मिकुलाय!" ती ओरडली.

उस्तिन्यानं पोरीचे कान झाकले. साव्वा मटकन खाली बसला.

"मिकुलाय, ऐकतोयस का? मी तुझ्या घरात विस्तव केलाय! एक हिवाळा आधी! राग आला असेल तर माझ्यावर काढ. मागे वळायचं असेल तर वळ, पण या पोरीच्या केसाला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे! सोबत हवी असेल तर मला ने. मी तयार आहे, ऐकलंस? मला ने!" आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "चहा ठेवलाय मी. यायचं तर ये!"

पलीकडच्या काठावरून आवाज परत आला. रेनडिअरनी माना वर केल्या. डोळे पुसायचेही कष्ट न घेता ओग्दो आत आली आणि ल्योव कुझ्मिचसमोर बसली.

"लिही," ती म्हणाली. "मिकुलायची वस्ती."

त्यानं लिहिलं.

त्या हिवाळ्यात सगळे तिथंच राहिले. साव्वा डिसेंबरपर्यंत दाराकडे पाठ करून झोपत नव्हता. पोरीला ताप आला त्या आठवड्यात तो आईशी एक अक्षर बोलला नाही, आणि ओग्दो त्या आठवड्यात पोरीच्या उशाशी सुरी घेऊन बसून होती. चौथ्या दिवशी ताप उतरला. दात येत होते, दुसरं काही नाही. वसंतात पाणी चढलं आणि होडी आली, मीठ घेऊन, पीठ घेऊन. नकाशा छापून आला तो आणखी दोन वर्षांनी. असले कागद कुलपात ठेवतात, आमच्यासारख्यांना दाखवत नाहीत. पण वर चाललेल्या एका भूगर्भवाल्यानं ओग्दोच्या घरी दोन रात्री काढल्या, तेव्हा नळीतून कागद काढून तिचं बोट धरून बरोबर जागेवर ठेवलं. बाजूला दहा कोसांत दुसरं अक्षर नव्हतं.

ओग्दो वयाच्या एक्याऐंशीपर्यंत जगली. त्या घरातलं तोवर कोणी गेलं नाही, ना नात, ना सून, ना साव्वा, आणि नंतर झालेली तीन नातवंडंही नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारी मोठी छातीची, नेम मोडला आणि पचवला. तिच्यासमोर कोणी असं कौतुक करू लागलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं. ती पाइप झटकायची, नदीकडे बघायची आणि फणकाऱ्यानं म्हणायची, "कसलं पचवलं! गळा फाडून हाक मारली, चहा ठेवला, सरकारी कागदावर नाव छापून दिलं, तरी मागे वळून बघितलं का त्यानं? बायकोचं ऐकेल तर शपथ!"